घाटातल्या ट्रॅफिकमध्ये डीसीटी गाडी थरथरते, 'गिअरबॉक्स गरम' असा इशारा येतो : कारण आणि उपाय

तक्रार अशी आहे. गाडी सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे आपण जिला डीसीटी म्हणतो ती. हायवेला लोण्यासारखी पळते. पण गणपतीला गावी निघालं आणि माणगावच्या रांगेत दोन तास रखडलं, की सुटताना थरथर सुरू होते. पुढे घाटात ट्रकच्या मागे थांबत-सरकत चढलं की मीटरवर अक्षरं उमटतात : गिअरबॉक्स तापला आहे, सुरक्षित जागी थांबा. अर्धा तास उभी केली की पुन्हा सगळं ठीक. सर्व्हिस सेंटरला नेली तर मशीन लावून सांगतात, 'काही एरर नाही.' शिमग्याला निघालं की पुन्हा तेच.

माझ्या गाडीने हे तीन फेऱ्यांमध्ये तीनदा केलं. पहिल्यांदा झालं ते कशेडी घाटात. बोगद्यातून लहान गाड्या जायला लागल्या २०२३ च्या गणपतीत, त्याआधीची ही गोष्ट. गाडीत आई, बायको, दोन मुलं, मागे डिकी सामानाने भरलेली, रात्रीचे अडीच वाजलेले आणि बाहेर पाऊस. कडेला उभं राहायला जागा नाही, मागून कंटेनरचे दिवे आरशात. त्या पंधरा मिनिटांत मी जेवढा घाबरलो तेवढा गाडी चालवताना कधी घाबरलो नव्हतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. अशा वेळी नेमकं काय करायचं हे मला त्या रात्री कुणी सांगायला हवं होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात आपण चार वेगवेगळी यंत्रं कोंबतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, ते घुसळलं जातं आणि गाडी हळूहळू सरकते. तिथे घासायला काही नाही. सीव्हीटीत पट्टा आणि पुली. एएमटी, जी आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर घरोघरी पोचली, ती म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त पाय आपला नसून मशीनचा. आणि डीसीटीत अशा दोन क्लच. एकीवर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसरीवर २, ४, ६. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चालत असताना तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून गिअर बदललेला कळत नाही. गंमत इथे आहे, आणि तक्रारीचं मूळही इथेच आहे. गाडी टॉर्क कन्व्हर्टरसारखी आपोआप सरकते, म्हणून आपल्याला वाटतं की ही तशीच गाडी आहे. पण ते सरकणं म्हणजे हाफ क्लच. आपल्या वतीने कंप्युटर क्लच अर्धवट दाबून धरतो, एवढंच.

माझे थोरले काका एसटीत चालक होते, आता कुडाळजवळ गावीच असतात. माझी कथा ऐकून त्यांनी एकच विचारलं, "चढार गाडी क्लचार धरलंस?" मी म्हटलं, काका, हिला क्लचच नाही. ते म्हणाले, "तुका पाय नाय, क्लच हा. चढार गाडी क्लचार धरू नको रे. ब्रेक कित्याक हा मगे?" डीसीटीबद्दल मी नंतर जे जे शिकलो ते सगळं या वाक्यात आहे. त्यांनी ती गाडी आयुष्यात चालवलेली नाही.

उष्णता किती होते?

मी एकदा कागदावर हिशोब मांडला आणि मग माझी सवय बदलली. तुम्हीही बघा. गाडी, पाच माणसं, सामान मिळून १६०० किलो धरू. चढ दहा मीटरला एक मीटर. गाडी मागे येऊ नये म्हणून जवळपास १६० किलो वजनाइतका जोर लावून ती धरावी लागते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते असं धरलं, तर क्लचपाशी सुमारे ३० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आता ब्रेक सोडून, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तुम्ही गाडी जागच्या जागी तोलून धरलीत. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या फिरतंय, चाकं स्थिर. मधला सगळा फरक क्लचच्या अस्तरावर घासला जातोय. त्यातून निघणारी उष्णता होते ३ किलोवॅटच्या थोडी वर. बाथरूममधला इन्स्टंट गिझर साधारण तेवढाच असतो. गिझरमधून पाणी वाहत असतं म्हणून तो तगतो. ड्राय क्लच, म्हणजे तेलात न बुडालेली कोरडी क्लच, तिच्यातून फक्त हवा जाते.

याउलट त्याच चढावर ब्रेकवर उभं राहून, जागा झाल्यावर एकदाच नीट सुटलं, तर क्लच घट्ट बसायला दोनेक सेकंद लागतात. त्यात होणारी एकूण उष्णता ही तोलून धरण्याच्या साधारण दोन सेकंदांइतकी. म्हणजे तुम्ही वीस सेकंद गाडी तोलून धरलीत, तर दहा वेळा व्यवस्थित सुटण्याइतकी क्लच तापवलीत, आणि एक फूटही पुढे गेला नाहीत.

दुसरा आकडा सपाट रस्त्यासाठी. इंजिन निवांत, ८०० फेऱ्यांवर चालू असताना पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण बसली तर गाडीचा वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास येतो. याचा अर्थ, त्याहून हळू चालताना क्लच पूर्ण बसूच शकत नाही, ती घसरतच राहणार. माणसाच्या चालीने सरकणारी रांग ही डीसीटीसाठी सगळ्यात वाईट. सपाटीवर ही उष्णता चढाच्या मानाने फार कमी असते, पण इंदापूर ते माणगाव असं घासणं दोन तास थांबलं नाही तर ती साचत जाते. आणि तापलेली क्लच घेऊन आपण पुढे घाटाला लागतो. घाटात इशारा येतो खरा, पण त्याची सुरुवात माणगावच्या बाजारात झालेली असते. हे मला दुसऱ्या फेरीनंतर कळलं.

मग चालवायचं कसं?

थांबायचं असेल तेव्हा पूर्ण थांबा. ब्रेक ठामपणे दाबा. डीसीटीचा कंप्युटर ब्रेक बघतो. दाब पुरेसा असला की तो क्लच सोडतो आणि गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये असूनही घासणं बंद होतं. बऱ्याच जणांची सवय असते ब्रेकवर नुसता अंगठा टेकवल्यासारखा पाय ठेवायची, म्हणजे गाडी जेमतेम थांबते. अशा वेळी क्लच पुढे ढकलत असते आणि ब्रेक मागे ओढत असतो. इंजिनाच्या आवाजावरून, सीटखालच्या बारीक कंपनावरून हे ओळखता येतं. पाय थोडा आणखी दाबलात की कंपन एकदम विरतं. ती जागा एकदा पायाला समजली की विसरत नाही. मोकळ्या मैदानात दहा मिनिटं हेच करून बघा.

ऑटो होल्ड असेल तर ट्रॅफिकमध्ये तो चालू ठेवा. तो ब्रेक धरून ठेवतो, तुमचा पाय ढिला पडायचा प्रश्नच राहत नाही. पण ऑटो होल्ड आणि हिल होल्ड एक नव्हेत. हिल होल्ड ब्रेकवरून पाय काढल्यावर दोन-तीन सेकंदच गाडी धरतो, पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत. त्याच्या भरवशावर चढावर उभे राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला गाडी मागे येते आणि घाबरून आपण ॲक्सिलरेटर दाबतो.

दर थांब्याला एन (न्यूट्रल) मध्ये टाकायचं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत : नाही. दहा-वीस सेकंदांच्या थांब्याला डी आणि ठाम ब्रेक पुरतो. उलट एन मधून डी मध्ये टाकताना घाई होते, गिअर लागायच्या आत ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि झटका बसतो. रेल्वे फाटक लागलं, पुढे अपघात झालाय, लोक गाड्यांतून उतरून चहा प्यायला लागलेत, असं असेल तर पी (पार्क), हँडब्रेक आणि पायाला आराम. आणि उतारावर एन मध्ये टाकून गाडी सोडायची तर कधीच नाही. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. परशुराम घाट किंवा भोस्ते घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर लावा आणि गाडी इंजिनावर उतरू द्या.

आता चालू लागण्याबद्दल. पुढची गाडी हलली म्हणून लगेच हलू नका. दोन गाड्यांची लांबी, म्हणजे आठ-दहा मीटर जागा होऊ द्या. मग ब्रेक पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर हळू पण निश्चित दाबून निघा, ताशी आठ-दहापर्यंत जा, आणि पुन्हा पूर्ण थांबा. तेवढ्या अंतरात क्लच बसते आणि थोडा वेळ तरी घासणं थांबतं. मधल्या जागेत बाईकवाले घुसतात, कुणी रिक्षा घालतं, मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या. एखादी गाडी पुढे गेल्याने कुडाळला पोचायला उशीर होत नाही.

रांग हलत असेल पण दहाच्या पुढे जात नसेल, तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा. डी मध्ये गाडी जरा वेग आला की दुसऱ्यात जाते, लगेच थांबावं लागतं म्हणून पुन्हा पहिल्यात येते. दुसऱ्या गिअरमध्ये तेवढ्याच वेगाला क्लच जास्त घसरते. पहिल्यात धरली की हे मागे-पुढे बंद होतं. आवाज जरा जास्त येतो, पेट्रोल किंचित जास्त जातं, पण क्लच वाचते. माझ्या गाडीत सगळ्यात मोठा फरक या एका सवयीने पडला.

दोन पायांनी चालवणारे काही जण आहेत, डावा ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर. डीसीटीत ही सवय सोडा.

जेट्टी आणि घाटी

कोकणात राहणाऱ्यांना हायवेपेक्षा वेगळाच त्रास होतो. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींवर गाडी चढवताना जेट्टीचा उतार, पुढे लोखंडी रॅम्प, आणि ओहोटीला तो आणखी तिरका. बोटीवरचा माणूस हात करून 'थोडी मागे, थोडी पुढे, अजून चार बोटं' असं सांगत असतो. क्लचसाठी याहून कठीण काम नाही, कारण वेग जवळपास शून्य आणि चढ मोठा. त्यातून रिव्हर्स घ्यावी लागली तर आणखी अवघड, कारण रिव्हर्समध्ये आपण जास्तच भीतभीत सरकतो.

इथे मी असं करतो. समोरची गाडी रॅम्प ओलांडून आत आपल्या जागी लागेपर्यंत जेट्टीवर सपाट जागी थांबतो. रॅम्पच्या मध्यावर कधीच थांबत नाही, एका दमात चढतो. आत जागा जुळवताना एक हालचाल, मग पूर्ण ब्रेक, मग दुसरी हालचाल. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंच-इंच खेळवत नाही. हात करणाऱ्या माणसाला काच खाली करून आधीच सांगतो, 'दादा, ऑटोमॅटिक आहे, थांबत थांबत घेतो.' ती मंडळी समजून घेतात, रोज शंभर गाड्या लावतात.

गावातल्या घाटीचंही तेच. वाडीत खाली उतरणारा जांभ्याचा किंवा काँक्रीटचा अरुंद रस्ता, वर येताना समोरून टेम्पो आला की मध्येच थांबावं लागतं. शक्य असेल तर खाली वळणावरच थांबून वरची गाडी उतरू द्या. आपल्याकडे चढणाऱ्याला वाट देतात, पण या गाडीसाठी खालीच थांबणं बरं.

इशारा आलाच तर

पहिली खूण थरथर. मीटरवर काही यायच्या आधी सुटताना गाडी दचकायला लागते. ते दिसलं की पुढचा सपाट तुकडा किंवा टपरी बघून थांबा, इशाऱ्याची वाट बघू नका. इशारा आला तर पार्किंग दिवे लावून कडेला घ्या, पी, हँडब्रेक, आणि इंजिन चालूच ठेवा. अनेक गाड्यांचा संदेशच तसा असतो, इंजिन चालू ठेवून उभी करा. मला पहिल्यांदा उलटंच वाटलं होतं, मी चावी बंद केली. आता पुस्तिकेचं ते पान डॅशबोर्डच्या कप्प्यात वरच ठेवलं आहे. गाडी थंड झाल्याचा संदेश देत असेल तर त्याची वाट बघा, देत नसेल तर पंधरा-वीस मिनिटं द्या. बॉनेट उघडून पाणी मारू नका. क्लच बंद घरात असते, पाणी तिथे पोचत नाही, आणि तापलेल्या बाकी भागांवर पडून भलतंच होतं. घाटात वळणावर गाडी अडकलीच तर माणसं आधी रस्त्याच्या कठड्याकडे उतरवा, मागे त्रिकोण ठेवा, मग गाडीचं बघा.

सगळी थरथर मात्र उष्णतेची नसते. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस अंगणात उभी राहिली आणि सकाळी पहिल्या एक-दोन सुटण्यांना कापली, नंतर ठीक झाली, तर ते ड्राय क्लचवर बसलेल्या ओलाव्यामुळे होतं. आपल्या दमट हवेत मॅन्युअल गाड्यांनाही होतं. त्यासाठी गॅरेजला धावू नका. पण थंड गाडीला, कोरड्या दिवसात, दहा मिनिटं चालवल्यावरही थरथर येत असेल, किंवा फक्त सम गिअरला किंवा फक्त विषम गिअरला झटका येत असेल, तर मात्र दाखवा. एकाच बाजूच्या गिअरांना त्रास असेल तर एकाच क्लचमध्ये काही असण्याची शक्यता मोठी.

कुठली गाडी ड्राय, कुठली वेट

डीसीटीचेही दोन प्रकार. फोक्सवॅगनने २००३ मध्ये रोजच्या गाडीत जी आणली ती सहा गिअरची आणि वेट, म्हणजे क्लच तेलात बुडालेली. २००८ मध्ये सात गिअरची ड्राय आली. तेल घुसळावं लागत नाही म्हणून ती हलकी आणि पेट्रोल वाचवणारी, पण उष्णता बाहेर टाकण्यात कमी. आपल्याकडे व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकच्या दीड लिटर टर्बोमधली सात गिअरची डीएसजी (फोक्सवॅगन डीसीटीला हेच नाव देते) ड्राय आहे, आय ट्वेंटी आणि व्हेन्यूच्या टर्बोतली डीसीटीही ड्राय. टाटांनी अल्ट्रोझ आणि नेक्सॉनमध्ये वेट दिली. वेट क्लचला ट्रॅफिक जास्त सोसवतं. पण तेल तापतंच, आणि काही वेट गिअरबॉक्सना साधारण ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावं लागतं. सेकंडहँड घेताना ते केल्याची पावती मागा.

वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने यासाठी ड्राय डीसीटी टाळावी असं मी म्हणणार नाही. मी तीच चालवतो आणि लांज्यानंतर रस्ता मोकळा मिळाला की दुसरी कुठली गाडी नको वाटते. पण रोज फेरीबोट किंवा रोज घाटी असेल, त्यातून घरात चार जण आलटून पालटून चालवणारे असतील, तर मी टॉर्क कन्व्हर्टर घ्यायला सांगेन. एकाने सवय लावून घेतली तरी दुसरा आठवड्यात क्लच भाजून ठेवतो.

गॅरेजमध्ये काय मागायचं

'एरर नाही' ऐकून परत येऊ नका. तापल्याचा इशारा गाडी थंड झाल्यावर नाहीसा होतो, त्यामुळे चालू एरर दिसत नाही, हे त्यांचं खरं असतं. स्कॅनर लावून जुन्या नोंदी बघायला सांगा. अनेक गाड्यांत क्लचचं तापमान किती वर गेलं होतं, दोन्ही क्लच किती जागेवर पकडतात, हे वाचता येतं. क्लच झिजते तशी पकडायची जागा सरकते आणि कंप्युटरला ती नव्याने शिकवावी लागते. याला अडॅप्टेशन म्हणतात. माझ्या गाडीची उरलेली थरथर तेवढ्यानेच गेली, प्लेट बदलावी लागली नाही. एका गॅरेजने तर न तपासताच पूर्ण क्लच सेटचं अंदाजपत्रक हातात ठेवलं होतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी स्कॅन, मग सॉफ्टवेअर अपडेट आलंय का ते बघणं, मग अडॅप्टेशन, आणि तरीही फरक नसेल तर क्लच.

आणि दाखवायला नेताना थंड गाडी नेऊ नका. त्यांच्या माणसाला शेजारी बसवा, जवळच्या चढावर चार-पाच वेळा थांबून सुटा, थरथर त्याला स्वतःला जाणवू द्या. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर आणि तारीख घालून. वॉरंटी संपायच्या आत अशी नोंद असेल तर पुढे वाद घालावा लागत नाही.